सगळ्यात भारी कोण?

शुक्रवारी दुपारी मन लावून काम करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्या टीममध्ये तर शुक्रवारी डिप्लॉयमेंट करायचं नाही असा अलिखित नियमच आहे. (एकदा केलं होतं. शनिवार-रविवार दोन्ही गेले. असो.) त्यामुळे शुक्रवारचं जेवण चांगलं दीड तास चालतं, आणि कंपनीच्या नफ्यातोट्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा विषयांवर तावातावाने चर्चा होतात.

गेल्या फेब्रुवारीत अशाच एका शुक्रवारी बंड्याने डब्यातली शेवटची भेंडी तोंडात टाकत विचारलं, "समजा, जगातल्या सगळ्या प्राण्यांची एकमेकांशी मारामारी लावली, तर शेवटी कोण उरेल?"

बंड्या हे त्याचं खरं नाव नाही, पण त्याला शोभतं. वजन ९६ किलो, जाड चष्मा, आणि डोक्यात कायम असले प्रश्न. इंजिनिअरिंगला आम्ही एकाच होस्टेलवर होतो, मग एकाच कंपनीत लागलो, आता एकाच टीममध्ये आहोत. म्हणजे गेली नऊ-दहा वर्षं मी हे प्रश्न ऐकतोय.

"सिंह," मी एका सेकंदात उत्तर दिलं. "यात चर्चा करण्यासारखं काय आहे? जंगलाचा राजा आहे तो. आपल्याकडे गडालासुद्धा सिंहाचं नाव देतात."

"राजा म्हणून कोणी निवडून दिलं त्याला?" बंड्या म्हणाला. "हत्ती. विषय संपला. चार-पाच टनांचा प्राणी आहे. तुझा सिंह त्याच्या पायाखाली आला तर पापड होईल."

आमचा लीड डिस्कव्हरी चॅनलवर पोसलेला माणूस आहे. त्याने चमचा खाली ठेवला आणि किलर व्हेलची बाजू घेतली. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेत गान्सबाय नावाच्या गावाच्या किनाऱ्यावर मेलेले ग्रेट व्हाइट शार्क वाहून आले. शरीर जवळपास अख्खं, फक्त यकृत गायब! हे काम दोन किलर व्हेलचं होतं. त्यांचे पाठीवरचे पर एकाचा डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे वाकलेला, म्हणून लोकांनी त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड अशी नावं दिली आहेत. ते आल्यावर बाकीच्या शार्कनी तो भागच सोडला. ज्या शार्कवर हॉलिवूडने पिक्चर काढून आपल्याला घाबरवलं, त्याचं यकृत काढून खाणारा प्राणी. ऐकून आम्ही दोन मिनिटं गप्प झालो.

पण आमची टेस्टर गप्प बसत नाही, तिला पगारच त्याचा मिळतो. ती म्हणाली, "मारामारी जमिनीवर आहे की पाण्यात? एकास एक आहे की टीम? सिंह कळपात राहतो, वाघ एकटा राहतो. दिवसा की रात्री? तुमच्या रिक्वायरमेंटच क्लिअर नाहीयेत."

आता इंजिनिअर माणसाला रिक्वायरमेंट क्लिअर नाही म्हटल्यावर तो काय करतो? एक्सेल उघडतो.

त्या दुपारी आम्ही जी शीट बनवली ती एखाद्या प्रोजेक्टसाठी बनवली असती तर प्रमोशन मिळालं असतं. वजन, वेग, चाव्याची ताकद, कातडीची जाडी, विष आहे का, अशा रकान्यांमध्ये आम्ही प्राणी भरत गेलो. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा चावा १६,००० न्यूटनच्या वर मोजला गेलाय, हे सापडल्यावर चाव्याच्या रकान्यात बाकीचे सगळे केविलवाणे दिसायला लागले. निळा देवमासा वजनात सगळ्यांचा बाप, दीडशे टनांपर्यंत जातो, पण त्याला दातच नाहीत. माझ्या सिंहाची अवस्था तर फार वाईट झाली. वाघ वजनाला भारी भरतो हे मला मान्य करावं लागलं. वर २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये सिंह ८९१, आणि २०२२ च्या अंदाजात भारतात वाघ ३,६८२, म्हणजे संख्येतही वाघ चौपट. राजा अल्पमतात.

मग प्रत्येकाची प्रत्येकाशी एक मॅच लावायची तर किती मॅचेस होतील, हा हिशोब निघाला. नुसते सस्तन प्राणी घेतले तरी साधारण साडेसहा हजार जाती आहेत. म्हणजे दोन कोटी अकरा लाख मॅचेस. एक मॅच पाच मिनिटांची धरली आणि मध्ये चहालाही थांबलो नाही, तरी स्पर्धा दोनशे वर्षं चालेल. आयपीएल बरी म्हणायची.

खरी पंचाईत पुढेच होती. मुंगूस नागाला मारतं. त्याची चपळाई तर आहेच, शिवाय त्याच्या शरीरात नागाचं विष जिथे जाऊन चिकटतं त्या जागेची रचनाच अशी बदललेली आहे की विष तिथे नीट चिकटत नाही. नागराजाच्या एका दंशातल्या विषाने हत्तीसारखा हत्ती मरू शकतो. आणि हत्तीने मुंगसावर नुसता पाय ठेवला तरी मुंगूस संपलं. म्हणजे मुंगूस नागाला भारी, नाग हत्तीला भारी, हत्ती मुंगसाला भारी. आता यांचा सॉर्ट लावून दाखवा! ज्याने कोणी सॉर्टिंग अल्गोरिदम लिहिलाय त्याला माहीत आहे की असं चक्र निघालं की पहिला नंबर काढताच येत नाही.

शेवटी मी मुंगी काढली. ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते, मग तिला हत्तीएवढी केली तर? यावर लीडने मला वेड्यात काढलं, आणि बरोबर काढलं. प्राण्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली की स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीप्रमाणे शंभरपट होते, पण वजन होतं हजारपट. हत्तीएवढी मुंगी लढायची सोडा, स्वतःच्या पायांवर उभीसुद्धा राहणार नाही. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवली होती. जे. बी. एस. हाल्डेन यांचा १९२६ सालचा एक निबंधही याच विषयावर आहे. हे हाल्डेन म्हणजे तेच, जे १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार वाजता क्लायंटचा कॉल आला आणि स्पर्धा स्थगित झाली. उठता उठता ठरलं की उद्या सकाळी ट्रेकला जायचंच आहे, राहिलेलं गडावर भांडू.

गडाचं नाव सांगत नाही. त्याचा काही दोष नव्हता, आणि उगाच कोणी तिकडे जाऊन मोहोळांना धूर करायला नको.

आम्ही चौघं सकाळी सहाला निघालो. वर जाताना काही झालं नाही. गड बघितला, टाक्यातलं पाणी बघितलं, पोहे खाल्ले. दहाच्या सुमारास दुसऱ्या वाटेने उतरायला लागलो. ही वाट एका उंच कड्याच्या पोटातून जाते. कड्याला वर सात-आठ काळे पट्टे लटकत होते. ती आग्या मोहोळं होती. मी ती पाहिली होती, फोटोसुद्धा काढला होता. एका मोहोळावरून मध्येच एक लाट सरकल्यासारखी दिसायची, क्रिकेटच्या ग्राउंडवर प्रेक्षक हात वर करून करतात तशी. मी बंड्याला ती दाखवलीसुद्धा. ती लाट म्हणजे गांधीलमाशीसारख्या शत्रूला दिलेली धमकी असते, हे मला नंतर कळलं. हजारो माश्या ओळीने पोट वर झटकतात, की बघ, आम्ही जाग्या आहोत.

मला ती लाट छान वाटली. आणि समोरच्या डोंगरावर आवाज कसा घुमतो हे बघायला मी दोन्ही हात तोंडाशी धरून सिंहासारखी डरकाळी फोडली. एकदा नाही, तीनदा. बंड्याने उत्तरादाखल हत्तीसारखं चीत्कारून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो.

त्याच्यानंतर साधारण मिनिटभरात ते सुरू झालं. माझ्या ओरडण्यामुळे झालं, की सकाळी अंगभर मारलेल्या डिओमुळे, की वर एखादी मोहोळ घार मोहोळावर झेपावली होती म्हणून, कोण जाणे. पहिल्यांदा कानाजवळ एक माशी आली. मी हाताने झटकली. मग दोन आल्या. मग आवाज आला, जवळून डंपर जावा तसा. लीड ओरडला, "पळा!"

मी पळालो.

कसा पळालो ते सांगता येणार नाही. मानेवर एक, कानाच्या पाळीवर एक, हातावर दोन डंख लागलेले आठवतात. टेस्टरने विंडचीटर डोक्यावरून ओढलं होतं आणि ती वाकून माझ्या पुढे पळत होती. खाली झाडी सुरू होते तिथे एक छोटं देऊळ आहे. तिघंही तिथे पोचलो, आत शिरलो, दार ओढलं आणि एकमेकांकडे बघितलं. तिघंच होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती सांगतो. पळताना मला मागून हाक ऐकू आली होती. माझ्या नावाने, दोनदा. बंड्याचाच आवाज. पहिली हाक आली तेव्हा मी फार तर पंधरा-वीस फुटांवर असेन. मी थांबलो नाही. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. देवळात लीडने विचारलं, "बंड्या कुठंय?" तेव्हा मी म्हणालो, "मागेच असेल." आपण काय बोलतोय ते मला तेव्हाही माहीत होतं.

त्याला वर आणायला आमच्यापैकी कोणी गेलं नाही. गेले ते वाटेच्या सुरुवातीला ताक-सरबत विकायला बसणारे मामा. त्यांनी आमच्याकडे एक नजर टाकली, "चौथा कुठं हाय?" एवढंच विचारलं, घोंगडी डोक्यावरून घेतली, वाळलेल्या गवताची पेंढी पेटवून विझवली आणि ती धुमसती पेंढी हातात धरून चढायला लागले. वीस मिनिटांनी खाली आले तेव्हा घोंगडीत बंड्या होता. चष्मा पडल्यामुळे त्याला वाट दिसेना, म्हणून तो तिथेच खाली बसला होता आणि सॅकमध्ये तोंड खुपसून घेतलं होतं.

मामा आम्हाला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पाहुणं, त्यांच्या घराखालनं जाताना गप जावं."

तालुक्याच्या दवाखान्यात बंड्याचा रक्तदाब खूप खाली गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी आधी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि मग नर्सबाईंनी नांग्या काढायला सुरुवात केली. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत रुतली की निघत नाही, माशी उडायला गेली की विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहते आणि तुटल्यावरही विष सोडत राहते. म्हणून ती कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व असतं. शिवाय नांगी बसलेल्या जागेतून एक वास सुटतो, तो बाकीच्या माश्यांना सांगतो की इथेच मारा. बंड्याच्या अंगातून ८३ नांग्या निघाल्या. माझ्या अंगातून सहा.

संध्याकाळी त्याला शहरातल्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. एवढे डंख बसले की स्नायूंना इजा होऊन किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून तीन दिवस रक्त आणि लघवी तपासत होते. पहिल्या रात्री त्याच्या आईबाबांना यायला उशीर होणार होता, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. झोप येत नव्हती. वाईट सवय, मोबाईल काढला आणि हिशोब करत बसलो.

फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता, मोटारी बनवायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, त्याने लढाईचं गणित मांडलं. जिथे प्रत्येक जण प्रत्येकावर हल्ला करू शकतो तिथे एका गटाची ताकद ही एकाची ताकद गुणिले संख्येचा वर्ग अशी धरायची. सैनिक दुप्पट तर ताकद चौपट. म्हणजे एक मधमाशी माझ्या दहा लाखाव्या हिश्शाएवढी दुबळी धरली, तरी हजार माश्या माझ्या बरोबरीच्या झाल्या. दहा लाखांचं वर्गमूळ हजार! एका आग्या मोहोळात माश्या असतात काही हजारांपासून कित्येक हजारांपर्यंत, आणि कड्यावर अशी सात-आठ मोहोळं होती. आमच्या शीटमध्ये वजन होतं, वेग होता, चावा होता. संख्येचा रकानाच नव्हता.

पण मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि हिशोब गडबडला. नांगी तुटली की मधमाशी मरते. म्हणजे त्या दिवशी आम्हा दोघांच्याच नांग्या धरल्या तरी ८९ माश्या मेल्या. आमच्यातलं कोणी मेलं नाही. स्कोअरबोर्ड बघितला तर ८९ विरुद्ध शून्य, आम्ही जिंकलो. आणि तरी कडा त्यांचाच राहिला, आणि आम्ही हॉस्पिटलात.

मधमाशी हा एक प्राणी धरायचाच नसतो, हे उत्तर आहे. कामकरी माश्यांना स्वतःची पिल्लं होत नाहीत. त्यांची आई एकच, राणी, आणि मोहोळातल्या सगळ्या त्यांच्या बहिणी. एका माशीचा जीव म्हणजे आपल्या बोटाचं नख. सातेरी माशी आपल्याकडे महाबळेश्वरला पेट्यांमध्ये पाळतात. तिचीच जपानमधली बहीण तर कमाल करते. घरात मोठी गांधीलमाशी शिरली की शेकडो माश्या तिच्याभोवती गोळा होतात आणि अंगाच्या थरथराटाने त्या गोळ्याचं तापमान ४६ अंशांच्या आसपास नेतात. गांधीलमाशी आत भाजून मरते. माश्यांना त्याहून थोडी जास्त उष्णता सोसते, तेवढ्याच फरकावर त्या जगतात.

हाल्डेन यांचा एक किस्सा सांगतात. भावासाठी जीव द्याल का, असं कोणीतरी विचारल्यावर ते म्हणाले होते की एका भावासाठी नाही, पण दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी देईन. रक्ताच्या नात्याचं गणित आहे ते. त्या बाकावर बसून मी ते गणित लावलं. बंड्या माझा भाऊ नाही, चुलतभाऊही नाही. गणितात येतो शून्य.

पुढे वाचत गेलो तसं मला हवं ते सगळं सापडत गेलं. हाल्डेन यांचे एक विद्यार्थी होते, जॉन मेनार्ड स्मिथ. आपल्या जमातीचा माणूस! इंजिनिअरिंग करून दुसऱ्या महायुद्धात विमानांचे आराखडे करायचा, मग ते सोडून प्राणिशास्त्र शिकला. १९७३ साली त्याने जॉर्ज प्राइस यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. प्रश्न असा होता की शिंगं, सुळे, नख्या असे सगळे प्राणी एकाच जातीत भांडताना एकमेकांना मारून का टाकत नाहीत? लाल हरणांचे नर बघा. आधी लांबून ओरडून बघतात कोण जास्त वेळ ओरडतो. मग शेजारी शेजारी चालून एकमेकांना निरखतात. बहुतेक भांडणं इथेच संपतात आणि एक जण निघून जातो. शिंगाला शिंग फार थोड्या वेळा लागतं. या दोघांनी त्या काळच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या स्वभावाचे काल्पनिक प्राणी लढवून बघितले. शेवटपर्यंत लढणारे ससाणे जिंकले नाहीत. जखमेची किंमत बक्षिसापेक्षा मोठी असेल तर मरेपर्यंत लढणाऱ्यांची जातच टिकत नाही. माघार घेणं हा भित्रेपणा नसून टिकाऊ धोरण आहे.

हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी पळालो ते निसर्गनियमाप्रमाणे पळालो. मी परत गेलो असतो तर दोघांनाही डंख बसले असते, मामांना दोघांना आणावं लागलं असतं. गणिताने बघितलं तर मी बरोबरच वागलो. पुढचे चार दिवस मी हे ज्याला त्याला ऐकवत होतो. लीडला, टेस्टरला, घरी आईला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला जेवायला काय देतात रे तिथे? मी डबा करून देते."

पाचव्या दिवशी डबा घेऊन बंड्याच्या घरी गेलो. चेहऱ्यावरची सूज उतरत आली होती, एक डोळा अजून बारीक होता. मला बघून म्हणाला, "या, वनराज."

मी हसलो. मग बसलो आणि त्यालाही लँचेस्टर सांगितला, मेनार्ड स्मिथ सांगितला. त्याने नेहमीसारखं मन लावून ऐकलं, मध्ये एक शंकाही काढली. मग माझं गणित संपलं. मग मी सांगितलं, की मला तुझी हाक ऐकू आली होती. दोन्ही वेळा.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. पोळीचा तुकडा हातात तसाच.

"माहितीये मला," तो म्हणाला. "पंधरा फुटांवर होतास. ऐकू न यायला बहिरा आहेस का?" मग म्हणाला, "परत यायला मी सांगत नव्हतो रे. आला असतास तर मीच शिव्या घातल्या असत्या. चष्मा पडला होता, कुणीकडे पळायचं ते कळेना. तू ओ दिली असतीस ना, तर आवाजाच्या दिशेने आलो असतो. बस."

तुमच्याकडे यावर काही उत्तर असेल तर सांगा. माझ्याकडे नव्हतं. ओ द्यायला किती खर्च येतो? पळता पळता देता आली असती. मेनार्ड स्मिथच्या गणितात मी लढणं आणि पळणं हे दोनच पर्याय घेऊन बसलो होतो, आणि बंड्या तिसरंच काहीतरी मागत होता.

तिथून निघाल्यावर मी एक गोष्ट शोधली, कारण बंड्याने जाता जाता विचारलं होतं, "आणि माझा हत्ती? तो काय करतो रे माश्या आल्यावर?"

हत्ती पळतो. अगदी खरं. एवढा मोठा प्राणी, पण सोंडेच्या आत आणि डोळ्यांभोवती माश्या डसल्या की त्याला सहन होत नाही. म्हणून तर केनियात शेताभोवती मधमाश्यांच्या पेट्या दोरीने टांगून कुंपण करतात. आपल्याकडेही खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२१ मध्ये कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात हत्तींच्या वाटेवर अशा पेट्या लावल्या. यावर ल्युसी किंग या बाईंनी फार वर्षं काम केलंय. त्यांनी हत्तींच्या कळपांना लपवलेल्या स्पीकरवरून चिडलेल्या माश्यांचा आवाज ऐकवला. कळप पळाले, पण पळताना त्यांनी एक खोल घुमणारा आवाज काढला. मग नुसता तो हत्तींचा आवाज रेकॉर्ड करून दुसऱ्या कळपांना ऐकवला, माश्यांचा नाहीच. तर तेही कळप तिथून हलले. हा अभ्यास २०१० साली छापून आला.

म्हणजे जगातला जमिनीवरचा सगळ्यात मोठा प्राणी माश्यांसमोर शेपूट घालून पळतो, आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. पण तो गप्प पळत नाही. मागच्यांना सांगत पळतो.

मी हे बंड्याला मेसेजवर पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "म्हणजे हत्ती जिंकला. शीट अपडेट कर."

मी अपडेट केली. अजून आहे ती शीट. शेवटी एक रकाना वाढवलाय, 'हाकेला ओ देतो का'. हत्तीसमोर 'हो' लिहिलंय. सिंहासमोरही 'हो' लिहावं लागलं, कारण कळपातला एक सिंह गर्जला की लांबचे सिंह गर्जून उत्तर देतात, हे शोधताना सापडलं. त्यामुळे मी शाळेपासून ज्याची बाजू घेत आलो त्याच्याबद्दल आता माझी काही तक्रार नाही. मी माझ्याबद्दल बोलतोय.

पावसाळ्यानंतर आम्ही परत त्याच गडावर गेलो. बंड्याचाच हट्ट. डॉक्टरांना विचारून, त्यांनी दिलेलं इंजेक्शन सॅकमध्ये ठेवून, चष्म्याला मागून दोरी बांधून, आणि कोणीही डिओ न मारता. मामांकडे ताक प्यायलो, पैसे घ्या म्हटलं तर ताकाचेच घेतले, जास्तीचे नाही. कड्याखालची वाट आम्ही घेतली नाही, दुसऱ्या बाजूने उतरलो. उतरताना बंड्या नेहमीप्रमाणे मागे पडला. एका वळणावर तो दिसेनासा झाला आणि त्याने हाक मारली. काही झालं नव्हतं, बुटाची नाडी सुटली होती.

"ओ!" मी ओरडलो.

जरा जास्तच जोरात ओरडलो बहुतेक. पुढून टेस्टर म्हणाली, "अरे हळू, माश्या उठतील."